सतरा फुटांत सहाजण

पत्राचा सारांश: न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं हे पत्र. घरात नवरा, बारा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. गेल्या ऑक्टोबरात नवऱ्याने हौसेने गाडीमागे ओढायचा सतरा फुटी जुना कॅम्पर ट्रेलर घेतला. त्यात एक डबल बेड, मुलांसाठी दोन बंक, टेबल मोडून होणारा आणखी एक पलंग, वीतभर ओटा आणि संडास-शॉवर एकत्र असलेली मोरी आहे. एप्रिलअखेरीस पहिली सहल झाली: ३२० मैल, तीन रात्री, विजेची जोडणी नसलेली जागा. पोचायला रात्रीचे नऊ वाजले. पहाटे चारला हीटर बंद पडला. खिचडीला फोडणी घातली आणि अलार्म ठणाणा करू लागला. दुसऱ्या दिवशी संडासाचा वास सुटला, तिसऱ्या दिवशी गाद्या खालून ओल्या निघाल्या. तिन्ही दिवस स्वयंपाक या भगिनींनीच केला. आता जूनमध्ये साताऱ्याहून सासू-सासरे तीन महिन्यांसाठी येताहेत, आणि जुलैत सहाहीजणांनी दहा दिवस व्हर्जिनियातल्या शेनानडोआ नॅशनल पार्कला जायचं असा नवऱ्याचा बेत आहे. सासूबाई फोनवर म्हणाल्या, ‘चांगलं घर सोडून पेटीत कशाला निजायचं?’ प्रश्न असा: ‘हा कॅम्पर विकावा, की २८ फुटी मोठा घ्यावा? की मुळात माझा पिंडच असल्या गोष्टींचा नाही?’ खाली ताजा कलम: ‘दुसऱ्या संध्याकाळी पाऊस लागला तेव्हा मुलं रात्री अकरापर्यंत पत्ते खेळत होती. मुलीला फोनची आठवणही झाली नाही. तेवढं मात्र छान वाटलं. आणि धाकटा वरच्या बंकसाठी हट्ट करतोय, द्यावा का?’

नमस्कार,

पिंडाचा प्रश्न आधी बाजूला ठेवू. तुम्ही लिहिलेल्या तक्रारींपैकी एकही तुमच्या स्वभावातून आलेली नाही. हीटर, अलार्म, वास, ओल या चारही गोष्टींना साधी यांत्रिक कारणं आहेत. ती दुरुस्त न करता ट्रेलर विकलात तर कॅम्पिंग आपल्याला जमत नाही, हा चुकीचा निष्कर्ष घरात कायमचा राहील. मोठा घेतलात तर याच चार तक्रारी अकरा फूट जास्त लांबीच्या डब्यात भेटतील.

हीटरपासून सुरू करते. या आकाराच्या जुन्या ट्रेलरमधला फ्रिज बहुतेक तीन प्रकारे चालतो: बाहेरच्या विजेवर, गॅसवर किंवा १२ व्होल्टच्या बॅटरीवर. गाडी चालू असताना तो बॅटरीवर ठेवतात, कारण ओढणाऱ्या गाडीकडून वायरीतून करंट येत असतो. मुक्कामाला पोचल्यावर तो गॅसवर टाकायचा असतो. रात्री नऊला, अंधारात, भुकेल्या पोरांसकट पोचलेला माणूस हे बटण विसरतोच. बॅटरीवर हा फ्रिज ताशी दहा-बारा अँपिअर खातो. ट्रेलरच्या जिभेवर (गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्यावर) असते ती नेहमीची लेड-ॲसिड बॅटरी ७५ ते ८० अँपिअर-तासांची, आणि तिचं आयुष्य राखायचं तर त्यातली निम्मीच वापरायची. वर हीटर. तो गॅसवर चालत असला तरी त्याचा पंखा बॅटरीवरच फिरतो, आणि व्होल्टेज उतरलं की तो पेटायचंच नाकारतो. दहाला झोपलात, चारला गारठलात: सहा तासांत बॅटरी बसली. तुमच्या फ्रिजवर तसं बटण असेल तर पुढच्या वेळी उतरल्या उतरल्या ते गॅसवर करा, आणि ट्रेलर आधी लेव्हल करा, कारण हा फ्रिज तिरका राहिला तर नीट थंड करत नाही आणि कालांतराने बिघडतो. नव्या प्रकारचा कंप्रेसरचा फ्रिज असेल तर तो एवढं खात नाही; मग निघण्याआधी बॅटरी पूर्ण भरली होती का आणि ती किती वर्षांची आहे, ते बघा.

अलार्म बहुतेक छताजवळच्या स्मोक डिटेक्टरचा असावा. हिंग-मोहरीच्या धुराला तो आगीचाच धूर समजतो, आणि एवढ्याशा जागेत धूर छतापर्यंत पोचायला दहा सेकंद लागतात. जमिनीलगत दुसरा डबा असतो तो प्रोपेनचा, म्हणजे गॅसगळतीचा. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून डबा खाली. केसांचा स्प्रे मारला तरी तो ओरडू शकतो, आणि बॅटरी उतरली की अधूनमधून किरकिरतो. काही झालं तरी यांपैकी कशाचीही वायर काढायची नाही, कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचीही नाही. फोडणी बाहेर न्यायची, एवढाच उपाय. दोन बर्नरची कॅम्पिंगची शेगडी पिकनिक टेबलवर, वाऱ्याकडे पाठ करून. तीन लिटरचा कुकर तिच्यावर व्यवस्थित बसतो. शिट्टी व्हायला मात्र घरच्यापेक्षा वेळ लागतो, कारण वारा आच पळवतो. आतल्या ओट्यावर फक्त चहा, दूध, मॅगी. कांदा-लसणीचा वास गाद्यांच्या कापडात शिरला की सप्टेंबरपर्यंत निघत नाही. आणि थंडी वाजली म्हणून शेगडी आत आणून पेटवायचा विचारही नको. त्यात माणसं दगावतात.

संडासाच्या वासाबद्दल लोक लाजतात, विचारत नाहीत आणि ट्रेलर विकून मोकळे होतात. मैला साठतो ती ब्लॅक टँक, आंघोळीचं-भांड्यांचं पाणी साठतं ती ग्रे टँक. वास येण्याचं मुख्य कारण टँकमध्ये पाणी कमी असणं. पाणी वाचवायचं म्हणून आपण चमचाभर पाण्यात फ्लश करतो, मग खाली घट्ट ढीग साचतो. दरवेळी टँक रिकामी केली की आधी एक-दोन गॅलन पाणी आणि टँकमध्ये टाकायचं औषध घालायचं, मग वापर सुरू. झडप शेवटपर्यंत बंद ठेवायची. ती उघडी ठेवली तर पाणी वाहून जातं आणि बाकीचं तिथेच वाळतं. दोन तृतीयांश भरल्यावर एकदम सोडायची. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. आपली पाण्याने धुण्याची सवय इथे उपकारक आहे, पण टँक लवकर भरते हेही खरं. म्हणून दिवसा कॅम्पग्राउंडचं प्रसाधनगृह, रात्री आपलं.

ओल्या गाद्यांचं मात्र नीट बघा, कारण याची दोन कारणं संभवतात आणि एक स्वस्त आहे, दुसरं महाग. चारजण बंद डब्यात रात्रभर श्वास सोडतात. ती वाफ गार काचेवर आणि गादीखालच्या गार फळीवर बसते. सगळ्या गाद्यांखाली थोडी थोडी ओल आणि काचांवर थेंब असतील तर हेच कारण. छताचं झाकण अर्धा इंच आणि समोरची एक खिडकी बोटभर उघडी ठेवून झोपा, थंडी असली तरी, आणि गादीखाली हवा खेळेल अशी जाळीदार चटई घाला. पण ओल एकाच कोपऱ्यात असेल, भिंतीवर चहासारखा डाग असेल, कोपरा अंगठ्याने दाबल्यावर मऊ लागत असेल, तर छत गळतंय. जुन्या ट्रेलरची ही नेहमीची दुखणी. छतावरच्या सांध्यांचं सीलंट वर्षातून दोनदा तपासायचं असतं. या गळतीची शहानिशा होईपर्यंत विकण्या-ठेवण्याचा कुठलाच निर्णय घेऊ नका. लाकडी सांगाडा कुजला असेल तर प्रश्नच वेगळा होतो.

आता बेताकडे येते, कारण माझ्या मते खरा घोळ तिथे आहे. तुमचा ट्रेलर लहान नाही. पहिला बेत मोठा होता आणि दुसरा त्याहून मोठा आहे. लहान कॅम्पर ही झोपायची आणि पावसात बसायची खोली आहे. स्वयंपाकघर बाहेरचं टेबल, दिवाणखाना खुर्च्या आणि शेकोटी, न्हाणीघर समोरची इमारत. ज्यांना हे उमगतं ते सतरा फुटांत सुखाने राहतात. जे घर उचलून आत कोंबतात त्यांना तीस फूटही पुरत नाहीत. आणि पत्त्यांचा तो डाव? घरी मुलं दोन खोल्यांत दोन दारांआड असतात. इथे दारच नव्हतं. बाहेर पाऊस, आत एक दिवा आणि सहा फुटांचं टेबल. मोठ्या ट्रेलरमध्ये मुलांची खोली वेगळी असते, दार लावता येतं. तुम्हाला जे छान वाटलं ते जागेच्या टंचाईतून आलं होतं, आणि तुम्ही त्या टंचाईवरच उपाय विचारता आहात.

२८ फुटीचा हिशोब थोडक्यात सांगते. असे ट्रेलर भरलेल्या अवस्थेत ६,००० ते ७,५०० पौंड भरतात. तुमच्या सात आसनी गाडीची ओढण्याची क्षमता तुम्ही ५,००० लिहिली आहे, म्हणजे पिकअप ट्रक आला. जुन्या सरकारी उद्यानांतल्या बऱ्याच जागा लहान ट्रेलरच्या काळात आखलेल्या, तिथे तो मावत नाही. हिवाळ्यात ठेवायला भाड्याची जागा. एकूण, तो पर्याय मी बादच करते.

पण सहाजणांचं वजन तुमच्या आहे त्या गाडीलाही झेपतं का, ते आधी मोजा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर असतो: माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको. समजा तो आकडा १,३५० आहे. चार मोठी माणसं साधारण ६००, मुलं १४०, झाले ७४०. भरलेला ट्रेलर ३,८०० पौंडांचा धरला तर त्याच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार जिभेतून गाडीवर येतो. बारा टक्के म्हणजे ४५६. हिचचं, म्हणजे ट्रेलर जोडायच्या सांध्याचं, लोखंड ७०. बेरीज १,२६६. सहाजणांच्या सगळ्या बॅगा, कूलर आणि कुकर मिळून उरले ८४ पौंड. बरं, तिसरी सीट उघडल्यावर मागे जागाही उरत नाही, आणि साताऱ्याहून आलेल्या गुडघ्यांना त्या तिसऱ्या सीटवर पाच तास बसवणं म्हणजे शिक्षा. मधल्या सीटवर ते बसले तर मुलं मागे, हे चालेल. पण ८४ पौंडांचं काय करणार? मग सामान ट्रेलरमध्ये मागच्या टोकाला भरलं जातं, जीभ हलकी होते, आणि हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. साठ टक्के सामान चाकांच्या पुढे, जड वस्तू खाली आणि आसाजवळ. पाण्याची टाकी रिकामी घेऊन निघा: गॅलनला आठ पौंडांहून थोडं जास्त, ३० गॅलनचे अडीचशे पौंड होतात, आणि पाणी तिथेही मिळतं. ट्रेलर डोलायला लागलाच तर करकचून ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग फिरवायचं नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, चाक सरळ धरा, आणि ब्रेक कंट्रोलरच्या हातातल्या कळीने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके दाबा.

टायरही बघा. ट्रेलरचे टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात. टायरच्या कडेवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: ३२१८ असेल तर २०१८चा बत्तिसावा आठवडा. सहा वर्षांपुढचे टायर नक्षी कितीही छान दिसली तरी बदला. या टायरांपैकी बऱ्याच टायरांची कमाल गती ताशी ६५ मैल असते, त्यामुळे डाव्या लेनचा मोह टाळलेला बरा. चालत्या ट्रेलरमध्ये कुणीही बसायचं नाही, ‘आजोबांना जरा आडवं व्हायचंय’ म्हणूनही नाही.

म्हणजे सासू-सासऱ्यांना न्यायचं नाही का? न्यायचं. पण झोपायला दुसरीकडे. तुमचा डबल बेड भिंतीला चिकटलेला असणार. भिंतीकडे निजलेल्या माणसाला रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडून यावं लागतं. साठी-सत्तरीत रात्री दोनदा उठणं होतंच. बाहेर तीन उंच पायऱ्या आणि काळोख. सासूबाईंचा ‘पेटी’वरचा आक्षेप मला मुळीच अवाजवी वाटत नाही. सुदैवाने तुमच्या नवऱ्याने जागा चांगली निवडली आहे. शेनानडोआतल्या बिग मेडोज कॅम्पग्राउंडजवळ त्याच नावाचं लॉज आहे. रात्री ते तिथे, पलंगावर, जोडलेल्या मोरीसकट. सकाळी चहाला तुमच्याकडे. लॉजचं आरक्षण कॅम्पग्राउंडपेक्षा वेगळं करावं लागतं. शनिवार-रविवार बहुधा कधीच भरलेले असतील, म्हणून मंगळवार ते शनिवार अशा चार रात्री बघा. दहा दिवस नकोत. विजेची जोडणी तिथेही नाही, बॅटरी आणि टँक दोन्हीचा चौथ्या-पाचव्या दिवशी अंत होतो. टँक सोडायची सोय आणि पाणी मात्र तिथे आहे. उंची सुमारे ३,५०० फूट, त्यामुळे खालच्या खोऱ्यापेक्षा साधारण दहा अंश फॅरनहाइट गार. जुलैत एसीशिवाय निभेल ते यामुळेच. (दुसरीकडे कुठे विजेची जागा घेतलीत तर लक्षात ठेवा: ३० अँपिअरमध्ये एसी, विजेची किटली आणि मायक्रोवेव्ह एकदम चालत नाहीत. आजींचा चहा गॅसवर.)

जाताना आय-७८ हायवेने हॅरिसबर्गकडे आणि मग आय-८१ने दक्षिणेला जा. नकाशा तुम्हाला आय-९५ सुचवेल, पण बाल्टिमोरच्या बोगद्यांत दहा पौंडांहून मोठा प्रोपेनचा सिलिंडर नेता येत नाही, तुमचा २० पौंडांचा असणार. हॉलंड आणि लिंकन टनेलमध्येही प्रोपेनला मनाई, पॅलिसेड्स पार्कवेवर तर ट्रेलरलाच. पार्कच्या आत स्कायलाइन ड्राइव्हवर वेगमर्यादा ३५ मैलांची, आणि मेरीज रॉक बोगद्याची उंची १२ फूट ८ इंच. तुमचा ट्रेलर एसीसकट दहा-साडेदहा फुटांचा असेल. तरी एकदा टेपने मोजून आकडा गाडीच्या सनव्हायझरवर चिकटवून ठेवा. घरून जळण नेऊ नका. लाकडातून कीड पसरते म्हणून तिथे बाहेरून आणलेलं लाकूड उष्णता दिलेलं, शिक्क्याचंच लागतं. अस्वलं भरपूर आहेत. जेवण झालं की टेबलावर काही ठेवायचं नाही, तेलाची बुधलीसुद्धा. सगळं गाडीत किंवा ट्रेलरच्या आत, दार लावून.

पण जुलैच्या आधी दोन पायऱ्या आहेत आणि त्या गाळू नका. पहिली रात्र स्वतःच्या ड्राइव्हवेवर. खरंच. घराच्या साध्या सॉकेटला अडॅप्टर लावून ट्रेलर जोडा (एसी चालवायचा नाही), चौघांनी आत झोपा, आणि घरात पाऊल न ठेवता सकाळी चहा करून दाखवा. गाळणं राहिलं, चिमटा राहिला, बंकच्या दिव्याचं बटण सापडत नाही, हे सगळं घरापासून दहा पावलांवर कळतं. दुसरी सहल साठ मैलांच्या आत, दोन रात्री, विजेच्या जागेवर. ट्रेलरवाल्यांत तीनाचा एक नियम प्रचलित आहे: दिवसाला ३०० मैलांच्या वर नाही, दुपारी तीनच्या आत मुक्काम, एका जागी किमान तीन रात्री. लहान मुलं असतील तर मी पहिला आकडा निम्मा करते. तुमच्या पहिल्या सहलीत मैल तीनशेच्या वर गेले, तीनाचे नऊ वाजले, आणि बाकीचं सगळं त्या नऊतून निघालं. शेनानडोआ सुमारे ३०० मैलांवर आहे, म्हणून जाताना आय-८१वर एक रात्र थांबून तोडा. तेवढ्यासाठी सगळ्यांनी मोटेलात झोपलात तर कुणी तुमचं कॅम्पिंगचं पदक काढून घेणार नाही.

पोचल्यावरचा क्रम पाठ करा. आधी डाव्या-उजव्या बाजूची लेव्हल, चाकाखाली फळ्या घालून. मग दोन्ही चाकांना ठोकळे. मग गाडीपासून ट्रेलर सोडवायचा. ठोकळ्यांआधी सोडवला तर उतारावर तो चालू लागतो. मग जिभेचा जॅक फिरवून पुढची-मागची लेव्हल, आणि शेवटी चार कोपऱ्यांचे स्टॅबिलायझर. ते फक्त हलणं थांबवतात. त्यांनी ट्रेलर उचलायला गेलात तर वाकतात. बुडबुड्याची पट्टी मुलीच्या हातात द्या, ‘डावीकडे एक फळी’ हा हुकूम तिचा. ठोकळे धाकट्याचे. मात्र गाडी मागे येत असताना दोघंही टेबलावर बसलेले दिसले पाहिजेत. मागे घेताना नवरा-बायकोची जी जाहीर भांडणं होतात (प्रत्येक कॅम्पग्राउंडची ही फुकट करमणूक) त्यावर उपाय फोनचा: तुम्ही मागे उभ्या राहून कॉलवर बोला, ‘डावीकडे’ न म्हणता ‘तुझ्या ड्रायव्हरच्या बाजूला’ म्हणा, आणि चालकाच्या आरशात तुम्ही दिसेनाशा झालात की त्याने थांबायचं. सिग्नल नसेल तिथे हातवारे आधी ठरवून ठेवा.

आता तुम्ही एकाच ओळीत उरकलेली गोष्ट: तिन्ही दिवस स्वयंपाक तुम्ही केलात. मला वाटतं, पिंडाचा प्रश्न इथून आला आहे. घरी चार बर्नर, डिशवॉशर आणि नळाला गरम पाणी असताना जे काम करता तेच तुम्ही दोन बर्नरवर, वाकून, थंडीत केलंत. त्याला सहल कोण म्हणेल? सासू-सासरे आल्यावर हे आपोआप आणखी वाढेल: सकाळचा नाश्ता, बारा वाजता पोळी-भाजी, चारचा चहा, रात्री गरम वरण-भात. हे जाण्याआधी मोडायचं, आणि ते तुमच्या नवऱ्याने त्यांच्या आईशी बोलून मोडायचं. तुम्ही सांगितलंत तर ती सुनेची कुरकुर ठरते. त्यांनी ‘आई, तिथे शेगडी माझ्याकडे आहे’ म्हटलं की विषय संपतो.

शेगडी खरोखरच त्यांच्याकडे द्या. त्यांना सोपं जावं म्हणून तयारी घरी, आणि तीही दोघांनी मिळून: पोळ्या करून गोठवलेल्या, दशम्या, दाण्याची चटणी, लसणाची चटणी, कोरड्या भाजलेल्या रव्यात मोहरी-कढीपत्त्याची फोडणी घालून उपम्याचा डबा, डाळ-तांदूळ-हळद-मीठ मोजून खिचडीच्या पिशव्या, प्रत्येक पिशवीवर पाण्याचं माप मार्करने लिहिलेलं. मग स्वयंपाक म्हणजे पिशवी फोडणं आणि पाणी ओतणं. जुलैत न्यू जर्सीची मक्याची कणसं येतात. ती निखाऱ्यावर भाजून लिंबू-तिखट-मीठ लावलं की एक जेवण उरकतं आणि आजोबांना हाती काम मिळतं. भांडी घमेल्यात धुऊन पाणी ठरलेल्या जागीच ओतायचं, झाडाखाली नाही. चार दिवसांतून एकदा सगळ्यांनी लॉजच्या उपाहारगृहात जेवा.

सामानाचा नियम कडक हवा. प्रत्येकाला एकच मऊ पिशवी. चाकांची बॅग आत उघडायलाही जागा नसते. चपला-बूट दाराबाहेर झाकणाच्या खोक्यात, दारापुढे चटई. आत आणलेली प्रत्येक वस्तू रात्री कुणाच्या तरी पलंगावरून उचलावी लागते. दोन रात्रींत मुलांनाच कळतं की काय आणायला नको होतं. दहा बाय दहा फुटांचा जाळीचा मंडप मात्र घ्या. आजी-आजोबांची दुपार तिथे जाईल, डासांविना, निवडलेल्या शेंगा आणि साताऱ्याच्या गोष्टींत. ट्रेलरची कापडी ओनिंग (दारावरचं गुंडाळतं छप्पर) रात्री गुंडाळायचीच. वाऱ्याने ती हाडांसकट उखडते, आणि पावसात एक बाजू खाली केली नाही तर पोटात पाणी भरून फाटते. संध्याकाळी सगळ्यांच्या पोटऱ्या, गुडघ्यांमागची जागा, काखा आणि केसांत गोचीड बघा. लाइम या गोचिडीतून होणाऱ्या आजाराचा धोका त्या पट्ट्यात आहे, पण गोचीड एका दिवसाच्या आत चिमट्याने सरळ ओढून काढली तर तो फार कमी राहतो. सासू-सासऱ्यांच्या विम्याची कागदपत्रं छापून गाडीत ठेवा. डोंगरावर फोन चालेलच असं नाही.

हे सगळं करूनही सप्टेंबरात तुम्हाला नकोसं वाटलं तर विका, मनात काही न ठेवता. फक्त हिवाळ्याच्या तोंडावर नको. बर्फ पडायच्या आत पाइपांतलं पाणी काढून ट्रेलरचं गुलाबी, न गोठणारं अँटिफ्रीज भरा (दोन-तीन गॅलन पुरतं, गाडीचं हिरवं विषारी असतं, ते नाही), आणि मार्चमध्ये जाहिरात द्या. घेणाऱ्यांना त्या वेळी उन्हाळा दिसू लागलेला असतो आणि किंमत बरी येते.

राहिला वरचा बंक. द्या की त्याला. सहा वर्षांखालच्या मुलांना वर झोपवू नये असं सांगतात, तो सातचा आहे. बंकच्या फळीवर वजनाची मर्यादा छापलेली असते ती वाचा, कठडा लावून जोरात हलवून बघा, शिडी अडकवायचे हूक तपासा. आणि निजताना त्याला एक छोटी विजेरी द्या. अर्धा तास तो छतावर सावल्या पाडत बसेल, खालून बहीण ‘बंद कर ना रे’ म्हणून ओरडेल, आणि कधीतरी विजेरी चालूच राहून दोघं झोपलेली असतील. उठून ती बंद करायला तुम्हाला दोन पावलं टाकावी लागतील.